फुलांवरून गेलेली गाडी

घाटावरून बदली होऊन मी वसईला आलो, तेव्हा स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. बोळिंजच्या पलीकडच्या एका वाडीत, मराठी शाळेवर माझी नेमणूक होती. गाव बागायतीचं. केळी, पानवेली, मोगरा. निम्म्याहून अधिक घरं ख्रिस्ती. बोली मराठीच, पण मला ती अर्धीच कळे. मी दत्ताचा उपासक, गुरुवारी उपवास करणारा. आणि भोवती क्रूस, देवळातल्यासारखीच पण देवळातली नव्हे अशी घंटा. आपल्याच मुलखात मी परका होऊन बसलो होतो. त्यात आमची दोन मुलं जन्मतःच गेलेली. आता तिसरी खेप होती. मी रोज महाराजांपुढे हात जोडत होतो, पण खरं सांगायचं तर विश्वास विरत चालला होता, मागायची सवय तेवढी उरली होती.

तिथले फादर मूळचे स्पेनचे. वीस-बावीस वर्षं इथे काढून त्यांच्या मराठीला वाडीचाच हेल आला होता. त्यांच्या गावी उन्हाळ्यातल्या एका गुरुवारी रस्ताभर फुलांचा गालिचा घालतात आणि त्यावरून पवित्र भाकर मिरवत नेतात. त्या भाकरीत साक्षात देव असतो, अशी त्यांची श्रद्धा. इतकी वर्षं मनात धरलेला तो सण त्या साली त्यांनी वाडीत करायचा ठरवला. फुलांना इथे तोटा नव्हता.

मी सकाळी ते पाहायला गेलो आणि गोंधळूनच गेलो. आमच्या शेजारच्या कात्रीनबाय चारचौघींबरोबर रस्त्यावर बसून मोगरा, झेंडू, चाफ्याच्या पाकळ्या मांडत होत्या. वेली, कलश, द्राक्षांचे घोस उमटत होते. फूल आपण देवाच्या मस्तकी वाहतो. इथे ते पायाखाली घालायचं? मी तसं विचारलं.

"पायाखाली नाय, मास्तर," कात्रीनबाय म्हणाल्या. "यावर आज देवाचाच पाय पडायचा. दुसरा कोनी चालायचा नाय."

मी घरी परतलो तर ही दाराशीच भिंतीला धरून उभी. महिनाभर आधीच कळा सुरू झाल्या होत्या. सिस्टरांचा दवाखाना चर्चला लागून. तिकडे जायला रस्ता एकच, आणि त्याच रस्त्यावर फुलं घातलेली. दोन्ही बाजूंना वाड्यांचे दगडी गडगे, बाजूने गाडी काढायला वाट नाही. मी समोरच्या घरची बैलगाडी जोडून घेतली, हिला चटईवर निजवलं आणि निघालो. गालिचाच्या तोंडाशी गाडी थांबली. गाडीवान ख्रिस्ती, तो खाली उतरला आणि कासरा धरून नुसता उभा राहिला. पलीकडच्या टोकाला छत्राखाली फादर त्या भाकरीचं सोनेरी पात्र उचलून निघालेच होते. मागे सारी वाडी गात होती.

मला काही सुचेना. हिचं कण्हणं ऐकू येत होतं. पुढे जावं तर त्यांच्या देवाचा अपमान, थांबावं तर माझं घर बुडणार. मी डोळे मिटून "दत्त दत्त" म्हणू लागलो, पण कानांत त्यांचं गाणं शिरत होतं आणि नाम मधेच तुटत होतं. कोणाला हाक मारतो आहे, हेच मला कळेनासं झालं.

गाणं थांबलं म्हणून डोळे उघडले. फादर पात्र छातीशी धरून गालिचाच्या कडेकडेने, गडग्याला घासत आमच्याकडे येत होते. त्यांनी गाडीत पाहिलं.

"गाडी घाला," ते म्हणाले.

"फादर, फुलं..."

"देवाला घाई नाही, मास्तर. बाईला आहे."

तोवर कात्रीनबाय गाडीत चढून हिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्याही होत्या. त्यांनीच बैलांना हाकारलं. रांगेतली एक सिस्टर झगा आवरत पुढे धावली. चाकं त्या कलशावरून, द्राक्षांवरून गेली. मी मागून अनवाणी, पाकळ्या तुडवत.

मुलगी जन्मली ती निळी, निःशब्द. मी दाराबाहेर उभा होतो. आतून सिस्टरांचा आवाज, पाठीवर चापट्या, कात्रीनबायचं पुटपुटणं. रस्त्यावर गाणं पुन्हा सुरू झालं होतं. मिरवणूक आमच्या गाडीमागून, फाटक्या गालिचावरून येत होती. कोणी एकही पाकळी सारखी केली नव्हती. पात्र दवाखान्याच्या दाराशी आलं आणि आतून बारीक, रागावल्यासारखं रडणं ऐकू आलं. त्यामुळेच, असं मी म्हणत नाही. सिस्टरांचे हात आत राबत होते. गुरुवारही होता, माझ्या महाराजांचा. जे जसं घडलं तसं सांगतो.

आठ दिवसांनी फादरांची माफी मागायला गेलो. ते हसले. "आमच्या गावी गालिचा तासाभरात चिखल होतो. तो जपायला घालत नाहीत." मग म्हणाले, "मी मात्र जपायला घातला होता. बरं झालं."

त्यांचं हे बोलणं पुष्कळ वर्षं मनात घोळत राहिलं. त्या दिवशी मला कोणी सांभाळलं, याचा उलगडा मी अनेकदा करू पाहिला. दत्तमहाराज म्हणावं, तर तो पात्र धरलेला परदेशी माणूस डोळ्यांपुढे येतो. त्याचा देव म्हणावं, तर माझी जीभ अडखळते. पुढच्या साली सण आला तेव्हा मी पाकळ्या मांडायला बसलो. मिरवणूक जवळ आली, तेव्हा हात जोडावे की गुडघे टेकावे, कळेना. दोन्ही झालं. माझा गोंधळ आजही मिटलेला नाही आणि तो मिटावा अशी इच्छाही आता उरली नाही. मागताना मी नाव घेऊन मागितलं होतं. देणाऱ्याने देताना नाव सांगितलं नाही. मी माथा टेकतो, तो ज्याच्या पायी पोचायचा त्याच्या पायी पोचतो.