हातावरचा ऱ्हस्व उकार

आमच्या नाटक कंपनीत त्याला सगळे अनुस्वार म्हणत. दिसायला एवढासा, पण नसला की अर्थ बदलायचा. विंगेत, पडद्याच्या घडीआड, एका डुगडुगत्या स्टुलावर तो संहिता मांडीवर घेऊन बसे आणि आम्हा विसराळू मंडळींना पुढचे शब्द पुरवी. मी चौतीस वर्षं रंगमंचावर काढली, त्यातली एकवीस त्याच्या जिवावर. टाळ्या माझ्या पदरात पडल्या, हे आता कबूल करायला हरकत नाही. एकदा मरणाच्या प्रसंगात माझी वाचाच गेली. त्यानं शब्द दिला, मी तो घेतला, आणि घेताना एक अक्षर बदललं. मी डोळे मिटून निपचित पडले होते, प्रेक्षक हुंदके देत होते, आणि विंगेतून त्याचा हळू आवाज आला, ‘वेदना नव्हे, वंदना.’ मेल्यावरही मला दुरुस्त करणारा तो एकटाच.

दिवसा तो एका छापखान्यात मुद्रितशोधक होता. म्हणजे छापायला जाणारा कागद आधी वाचायचा आणि चुकांवर लाल पेन्सिल चालवायची. पाठ्यपुस्तकं, औषधांच्या पुड्यांवरच्या सूचना, पत्रिका, जे येईल ते. ती पेन्सिल शर्टाच्या खिशात कायम. उपाहारगृहात गेलो तर आधी तो पदार्थांची यादी तपासायचा, मग भूक लागली की नाही ते बघायचा. लग्न केलं नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, कोण रोज स्वतःला तपासून घेईल.

आईबरोबर राहायचा. आई हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात कामाला होती, चादरी आणि गाऊन. हात कायम सुरकुतलेले, पाण्यात जन्म गेला. तो लहान असताना ती दुपारच्या पाळीला जायची. मुलं शाळेतून येत तेव्हा घर रिकामं, ताट झाकलेलं, आणि झाकणाखाली चिठ्ठी. चिठ्ठीवर रोज तेच दोन शब्द: जेवुन घे.

आई गेली तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. रडला नाही. चौथ्या दिवशी छापखान्यात, पाचव्या दिवशी विंगेत. प्रयोगाआधी माझ्यासमोर उभा राहून, संवाद देतो त्याच आवाजात म्हणाला, ‘बाई, काहीच वाटत नाही. हे बरोबर आहे का?’ या वेळी मला शब्द द्यायला विंगेत कोणी नव्हतं.

दोन महिन्यांनी त्याला आईच्या गुंड्यांच्या डब्यात एक जुनी चिठ्ठी सापडली. ती घेऊन तो एका टॅटूवाल्याकडे गेला आणि ते दोन शब्द डाव्या हातावर, मनगटाच्या वर चार बोटं, जसेच्या तसे गोंदवून आला. आम्ही सगळे बघत राहिलो. इतका सरळमार्गी माणूस, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा. अक्षरं मात्र त्या बाईचीच होती. प्रत्येक अक्षराला आपापली शिरोरेषा, दोन अक्षरांत फट, ओळ उजवीकडे घसरत गेलेली. ‘वु’चा उकार गळासारखा वाकडा, आणि ऱ्हस्व. तो दीर्घ हवा हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. पण वर्षभर त्यानं तो हात फार जपला. बाही दुमडून वाचत बसायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, आईचं अक्षर आहे.

माती खाल्ली ती त्यानंतर.

छापखान्यात एक निवृत्त शिक्षक आपलं पुस्तक छापून घेत होते. अनुस्वारनं त्यांच्या कागदावर लाल खुणांचं शेत पिकवलं होतं. ते चिडले होतेच, त्यात त्यांची नजर त्याच्या हातावर गेली. सगळ्यांसमोर म्हणाले, आधी आपला हात तपासा, मग आमचं पुस्तक. मंडळी हसली. मालक हसला, ऑपरेटर बाई हसली, आणि तोही हसला म्हणे. पण पुढे दिवसभर त्यानं बाही खाली ठेवली. हसण्याचं काय, मला आयुष्यभर लोक हसले, त्यावर माझं घर चाललं. त्याला ती सवय नव्हती. आठवड्यानं तो दुसऱ्या टॅटूवाल्याकडे गेला आणि उकार दीर्घ करून आला.

तो टॅटूवाला तरुण आणि उदार होता, तिथेच घात झाला. गळ भरून त्यानं उजवीकडे शेपूट ओढलं. नवी शाई काळी, जुनी फिकी, ते विजोड दिसू लागलं, म्हणून सगळी अक्षरं पुन्हा गडद केली. आणि वर आपल्या मनानं शिरोरेषा एका ओळीत सरळ आखून दिली. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

अनुस्वार घरी येऊन हात दिव्याखाली धरून बसला. मला नंतर म्हणाला, प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावरची सूचना वाटत होती.

त्याची मोठी बहीण दुसऱ्या गावात राहते, एका कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवते. भावाकडे आली की त्याचा हात मांडीवर घेऊन त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत गप्पा मारायची तिला सवय लागली होती. त्या खेपेला तिनं बाही वर केली, बघितलं, आणि स्वतःच खाली ओढली. छान काळं झालंय, म्हणाली. मग स्वयंपाकघरात गेली आणि तिथून म्हणाली, ‘आईचं नाही राहिलं ते.’

त्यानंतर त्याला एकच हवं होतं: तो चुकीचा उकार परत.

पहिला टॅटूवाला शोधला. चिठ्ठी त्यानं छाप काढायला ठेवून घेतली होती, नंतर घेऊन जा म्हणाला होता. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात. हाताचा फोटो एकच निघाला, भाचीनं काढलेला. त्यात मनगट होतं, घड्याळ होतं, बाहीच्या कडेला ‘घे’ होता. ‘जेवुन’ बाहीत गेलेलं.

मी माझी रंगपेटी काढून बसले. म्हटलं, मी राजाचा भिकारी आणि भिकाऱ्याचा राजा केलाय, तुझ्या दोन अक्षरांचं काय घेऊन बसलास, असा रंग लावते की हात कोरा. तो म्हणाला, बाई, झाकायचं नाहीये. मग आम्ही त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

तिथल्या बाकावर बसलं की कळतं, आपलं दुःख काही वेगळं नाही. एका बसड्रायव्हरच्या दंडावर बायकोचं नाव होतं, आणि घटस्फोट होऊन दुसरी आली होती. दुसरी काही म्हणत नाही, तो सांगत होता, फक्त त्या बाजूला झोपत नाही. एका मुलीच्या मानेवर फुलपाखरू होतं, तिला गणवेशाची नोकरी लागत होती आणि कॉलरच्या वर काही दिसलेलं चालत नव्हतं. मी तिला विचारलं, गोंदवताना काय विचार केला होतास. ती म्हणाली, काहीच नाही, मैत्रिणी होत्या. ते दोघं पुसायला आले होते. आमचा हा एकटा अर्धंच पुसायला आलेला.

डॉक्टर तरुण होत्या. मला आजी म्हणाल्या, तेव्हा मी पाठ ताठ केली. त्यांनी हात दिव्याखाली धरला, सगळं ऐकून घेतलं आणि नीट समजावलं. लेझरनं शाई फुटते, मग शरीर ती हळूहळू वाहून नेतं. दोन खेपांत सहा-आठ आठवड्यांचं अंतर. पूर्ण जाईल, बहुतेक. नाहीतर यावर दुसरं चित्र काढून घेता येईल, नाहीतर आहे ते आहे म्हणून राहता येईल, बरेच लोक शेवटी तेच करतात. पण फक्त वरची शाई काढून खालची ठेवता येणार नाही.

‘काका, यंत्राला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही,’ त्या म्हणाल्या. थट्टा करत नव्हत्या.

तरी करू या, तो म्हणाला.

हातावर बधिर करणारं मलम लावून, वर पातळ प्लास्टिक गुंडाळून त्यांनी आम्हाला परत बाकावर बसवलं. पाऊण तास थांबायचं होतं. त्या पाऊण तासात त्यानं मला उरलेलं सांगितलं, भिंतीवरच्या वजनाच्या तक्त्याकडे बघत, त्यातल्या चुका मोजत असावा तसा.

डब्यात सापडलेल्या चिठ्ठीवर आईच्या निळ्या अक्षरांवर एक लाल खूण होती. ती त्याची. चौथीत असताना शाळेत नियम शिकवला होता, जेवून, धावून, येऊन, सगळे दीर्घ. त्यानं जेवून झाल्यावर चिठ्ठीतला उकार लाल पेन्सिलीनं दुरुस्त केला आणि आईला दिसावी म्हणून ताटाच्या जागी ठेवली. आईनं बघितली. हुशार आहे माझा मुलगा, म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ताट झाकलेलं असायचं, चिठ्ठी नसायची.

‘आणि तुला तेव्हा काय वाटलं?’

‘तेव्हा वाटलं, कामाच्या गडबडीत विसरली असेल.’ मग प्लास्टिकची कड दाबत, ‘टॅटूवाल्याला मी सांगितलं होतं, फक्त निळं घ्या, लाल सोडा. आणि मग जाऊन लालच गोंदवून आलो.’

आत मला काळा चष्मा देऊन कोपऱ्यात बसवलं. यंत्राचा आवाज तेलात पाण्याचे थेंब पडावेत तसा, आणि केस जळाल्याचा वास. अक्षरं एकेक करून पांढरी झाली. दुखतंय का, डॉक्टरांनी विचारलं. नाही म्हणाला. आम्ही बाहेर आलो तेव्हा तो हात त्यानं परक्याचं पार्सल सांभाळावं तसा धरला होता.

अशा तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेनंतर शेपूट राखेसारखं झालं, पण गळही तसाच. उकाराच्या जागी एक धुरकट डाग, डावीकडे वळलाय म्हणावं तर वळलाय, उजवीकडे म्हणावं तर उजवीकडे. गंमत म्हणजे ती फुकटची शिरोरेषा सगळ्यात चिवट निघाली. डॉक्टर म्हणाल्या, अजून दोन-तीन खेपांत हात स्वच्छ होईल, मग अक्षराचा नमुना मिळाला तर नव्यानं काढून घ्या. नाहीतर इथेच थांबा. शुक्रवारी सांगा.

नमुना कुठून आणणार? तो घरी कागद घेऊन बसला. आईसारखं लिहायचा प्रयत्न केला. हात ‘वु’पाशी आला की आपोआप उजवीकडे वळायचा. चाळीसेक वर्षांची सवय. मला म्हणाला, बाई तुम्ही लिहा, तुमचं शुद्धलेखन वाईट आहे. मी लिहिलं. चूक बरोबर आली, अक्षर माझं आलं.

त्याच आठवड्यात बहीण चार दिवसांसाठी आली. मी रविवारी जेवायला गेले होते. ताटं उचलून झाली, तिनं त्याचा हात बघितला, आणि अगदी सहज म्हणाली, आईला अक्षरं मीच शिकवली ना. मी पाचवीत होते, ती पीठ मळता मळता परातीत बोटानं गिरवायची. जेवुन घे पण मीच लिहून दिलं होतं, तिनं त्यावरून उचललं.

म्हणजे उकार आईचा नव्हता, ताईचा होता. आणि ताई समोर बसली होती.

त्यानं कागद आणला, पेन आणलं. ‘ताई, लिही. जेवुन घे. तू लिहायचीस तसं.’

ती लाजली. माझं चुकतं रे, म्हणाली. तो म्हणाला, चुकू दे. तिनं चष्मा लावला, कागद सरळ केला, आणि पेन घट्ट धरून, कॉलरीची शिवण घालावी तशी एकेक रेघ मोजून लिहिलं. कागद त्याच्यापुढे सरकवला आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसली.

जेवून घे. दीर्घ.

‘पूर्वीसारखं लिही ना,’ तो म्हणाला.

‘आता नाही येत तसं. तुझ्या हातावर बघितलं आणि पाठच केलं. म्हटलं, इतकी वर्षं आपण चूक लिहीत आलो.’ मग विचारलं, ‘बरोबर आहे ना?’

‘बरोबर आहे,’ तो म्हणाला.

पेन्सिल खिशातच होती. त्यानं कागदाची घडी केली, मग आणखी एक घडी. मी चप्पल घालून निघाले, तेव्हा बहीण भांडी पुसत होती आणि तो तिला कोरडी भांडी फळीवर लावून देत होता.

बुधवारी दुपारी त्याचा फोन आला. बहिणीची बस सकाळची होती, हा छापखान्यात गेल्यावर ती निघाली. दुपारी तो जेवायला घरी आला तेव्हा ताट झाकलेलं होतं आणि झाकणावर बसच्या जुन्या तिकिटाच्या पाठीमागे घाईत लिहिलेलं होतं. त्यानं मला वाचून दाखवलं, विंगेतून द्यायचा त्याच आवाजात, ‘जेवण झाकुन ठेवलंय. दुध तापवलंय. जेवुन घे.’

तिन्ही उकार त्यानं ऱ्हस्वच वाचले.

‘तीन चुका आहेत,’ तो म्हणाला.

‘आणि शिरोरेषा?’

‘प्रत्येक अक्षराची वेगळी. ओळ खाली गेलीय.’

मी विचारलं, मग शुक्रवारी डॉक्टरांकडे हा नमुना घेऊन जायचं ना. पलीकडून ताटावरचं झाकण बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

‘नको,’ तो म्हणाला. ‘हात राहू दे आहे तसा. बाई, मी नंतर बोलतो. जेवतोय.’