पाठ फिरवून वाचायची गोष्ट

माझी नणंद शोभा बँकेतून निवृत्त झाली आणि कथा लिहू लागली. तीन कथा दिवाळी अंकांना पाठवल्या. एकाचंही उत्तर नाही. जानेवारीत म्हणाली, "वहिनी, चौथी लिहिली आहे. हिलाही कोणी विचारलं नाही, तर सगळे कागद रद्दीत. पुन्हा लिहायची नाही."

मला रडगाणी आवडत नाहीत. म्हटलं, "रद्दीवाला कुठे पळून जात नाही. आधी अलिबागला चल. ती चौथीही पिशवीत टाक."

अलिबागच, कारण आम्ही कॉलेजात असताना मासिकांत 'शनिवारकरां'च्या कथा यायच्या. एक शाळामास्तर, एक कोर्टातला कारकून, एक डॉक्टर आणि दोन बायका. दर शनिवारी जमून एकमेकांच्या कथा ऐकायचे. त्यांच्या जागा बघायचं आमचं कधीपासून चाललं होतं.

फेब्रुवारीतल्या शनिवारी पनवेलहून एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे, उगाच मोटार काढू नका. वडखळला गाड्या तुंबतात, म्हणून सकाळी लवकर निघा. कंडक्टर म्हणाला, "आजी, पिशवी मांडीवर घ्या."

"आधी तुमचं तिकिटाचं मशीन माझ्या डोक्यावरून उचला, मग घेते," मी म्हटलं. पुढे अलिबागपर्यंत तो मला मॅडम म्हणत होता.

शनिवारकर ज्या चहाच्या दुकानात बसत, तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मालक चक्रावला. "लेखक? इथं? मॅडम, इथं काचा बसवतात." शोभाने तरी उंबऱ्याचा फोटो काढला. समुद्रावरचा त्यांचा कट्टा भेळवाल्यांनी व्यापला आहे. भेळ बरी होती. बाजारातल्या खानावळीत बांगड्याची थाळी खाल्ली. तिथली सोलकढी मागून घ्या, आपणहून देत नाहीत.

वाचनालयाच्या ओसरीवर मात्र ग्रंथपाल बाई भेटल्या. "त्यांच्यातल्या इंदुताई अजून आहेत," त्या म्हणाल्या. "चौलला, त्यांच्या वाडीत. आज शनिवार आहे, बैठक असेल. कोणीही वाचू शकतं. फक्त ऐकणाऱ्यांकडे पाठ करून."

"पाठ करून?"

"डॉक्टर फार देखणे होते. हातवारे करून भिकार कथाही खपवायचे. तेव्हापासून नियम झाला."

शोभा रस्त्यावर येताच म्हणाली, "आपण किल्ला बघू."

"किल्ला कुठे जात नाही," मी म्हटलं, आणि रेवदंड्याच्या गाडीत तिला पुढे घातलं. ती गाडी चौलवरूनच जाते.

वाडीत नारळ-पोफळींची गार सावली. अंगणात पंच्याऐंशीच्या घरातल्या इंदुताई आणि शेजारच्या जयवंतीबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. शनिवारकरांची वाचनाची बैठक पूर्वीही इथे अशीच असे. वाडी इंदुताईंच्या सासऱ्यांची. ते म्हणत, जमा खुशाल, पण काम थांबता कामा नये. म्हणून सगळे सुपारी कातरत ऐकत. कथा पकड घेई तेव्हा अडकित्ते आपोआप थांबत. वाचणाऱ्याला माणसं दिसत नसत, पण तेवढं ऐकू येई.

माझ्याही हातात अडकित्ता आला. माझ्या मनात काय आहे ते इंदुताईंनी ओळखलं. "मुद्दाम थांबायचं नाही. दयेने थांबलेला अडकित्ता लगेच कळतो."

शोभा विहिरीकडे तोंड करून बसली. कथा एका म्हाताऱ्याची; मिठागर विकलं तरी पहाटे उठून बांधावर जाणाऱ्याची. पहिलं पान झालं. कट, कट, कट. दुसरं पान. कट, कट. शोभाची मान खाली गेली, आवाज बारीक झाला.

"मोठ्यानं वाच गो बाय," जयवंतीबाई म्हणाल्या, "माझा कान तसाबी जरा कमीच हाय."

तिसऱ्या पानावर म्हातारा दुसऱ्याच्या झालेल्या मिठागराची फुटलेला बांध हाताने चिखल लावून बुजवू लागला. वाडीत एवढी शांतता कशी, म्हणून मी वर पाहिलं. दोघींचे हात थांबले होते. मग खाली पाहिलं. माझाही थांबला होता, आणि मला पत्ता नव्हता.

शेवटच्या पानावर कट, कट पुन्हा सुरू झालं.

शोभा वळली. डोळे भरलेले. "थांबले होते ना? मी ऐकलं."

"थांबले होते," इंदुताई म्हणाल्या. "आणि पुन्हा सुरू झाले, तेही ऐकलंस ना?"

"शेवटाला भाषण केलंस," जयवंतीबाईंनी बजावलं. "आमचा बाबा पन असाच बांधावर जायचा. भाषण न्हाय करायचा कदी."

इंदुताईंनी पानं परत दिली. "शेवट बदलून आण. शनिवारी आम्ही असतोच."

परतीच्या गाडीत शोभा खिडकीपाशी बसून शेवटच्या पानावर काट मारत होती. पोयनाडला उतरून पांढऱ्या कांद्याची माळ घ्या, असं मी तुम्हाला सांगेन. आम्हाला दोघींनाही आठवण राहिली नाही.

तुम्ही जाल तर कट्टा आणि दुकान पाहून निराश होऊ नका. त्या माणसांचं जे खरं होतं ते भिंतींत नव्हतंच, ते अजून चौलच्या अंगणात चालू आहे.

परवा शोभा नवा शेवट घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आली. खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलं. सुपारी आमच्याकडे नसते, म्हणून मी बिरड्यासाठी भिजवलेले वाल स्टीलच्या पातेल्यात सोलायला घेतले. टप, टप, तिला ऐकू जाईल असे.

रात्री पिठलं केलं. वाल सोलून झालेच नव्हते.