पळायला ठेवलेला माणूस

दोन मेंढ्या टेम्पोतून आणल्या होत्या.

शिक्रापूरच्या पुढं हायवेला लागून एका मंगल कार्यालयाचं लॉन. नव्या फुटबॉल क्लबचा जाहीर कार्यक्रम. स्टेजवर ढोलताशा, धूर सोडायचं मशीन, मागं मालकांचा भलामोठा फोटो. बाकीचे खेळाडू निळ्या कोटात. माझं कोटाचं माप कुणी घेतलंच नव्हतं. मला वाटलं विसरले असतील.

विसरले नव्हते. क्लबच्या जाहिरातीचं बघणाऱ्या पुण्याच्या मॅडम माझ्याकडं आल्या. हातात काळं घोंगडं, लाल फेटा आणि काठी.

"सर, तुम्ही हे घालून एन्ट्री घ्यायची. मेंढ्या पुढं, तुम्ही मागं. खूप ऑथेंटिक दिसेल."

मी म्हटलं, "मॅडम, मी कधी मेंढरं राखली नाहीत."

"अहो, ते कुणाला कळतंय?"

मी मालकांकडं बघितलं. भैय्यासाहेब म्हणायचे सगळे त्यांना. शंभर एकराचे बागायतदार, साखर कारखान्याचे संचालक, दावणीला शर्यतीचे बैल. आता फुटबॉलचा क्लब काढला होता. त्यांनी लांबूनच मला अंगठा दाखवला. छान, घाल.

मी घातलं.

ताशा वाजला तशा मेंढ्या बिथरल्या. एक स्टेजवरच मुतली, माझ्या बुटांवर. लॉन हसून लोळलं. निवेदक माईकवर ओरडला, "मंडळी, आपल्या मातीतला हिरा! काल मेंढरांमागं पळत होता, आज बॉलमागं पळतोय!" टाळ्या. माझे सोबती हसले. मीही हसलो. त्या माझ्या हसण्याची चीड मला अजून येते. मेंढीची नाही.

तिशी उलटली होती माझी तेव्हा. अर्धं आयुष्य उजव्या लाईनवर पळण्यात गेलं होतं. तीन राज्यांत खेळून आलो होतो. आणि घरी परत आल्यावर माझी ओळख काय, तर दोन भाड्याच्या मेंढ्या.

मेंढरं माझ्या आज्यानं राखली. माझ्या जन्माआधीच ती विकली. वडलांनी, म्हणजे आमच्या आबांनी, राहू गावात जमीन कसली, ऊस लावला. मी शाळेसाठी दौंडला मामाकडं. मामा रेल्वेत गँगमन, रुळांच्या कामावर. क्वार्टरच्या मागं रेल्वेचं ग्राऊंड. आमच्याकडं पोरं क्रिकेट खेळतात, दौंडला रेल्वेमुळं फुटबॉलही होता. मी तिथं शिकलो. गवत नव्हतंच, खडी होती. पडलं की गुडघा सोलायचा, म्हणून पडायचं नाही हे आधी शिकलो.

दुसरं शिकलो बघायला. समोरचा बॅक आपल्याला अडवायला येतो, त्याचे डोळे फसवतात, कंबर फसवत नाही. त्याचा भार ज्या पायावर पडला, त्या बाजूनं निघायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पोरांच्या अंगावर आदळून आदळून कळलं होतं. वेग माझ्याकडं होता, पण तो बऱ्याच जणांकडं असतो.

पुण्याच्या अकादमीत निवड झाली. तिथली पोरं इंग्रजी शाळेतली. एकानं माझं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या पायात बॉल आला की मागून आवाज यायचा, "बॅंऽऽ." कोच ऐकायचे. ते हसायचे नाहीत, थांबवायचेही नाहीत. एकदा मी त्यांना सांगायला गेलो, की सर, समोरच्या टीमचा डावा बॅक पुढं जातोय, त्याच्या मागं जागा मोकळी राहतीय, बॉल तिथं टाकायला सांगा.

ते म्हणाले, "तू पळ. विचार करायला बाकीचे आहेत."

हे वाक्य मी पुढं प्रत्येक क्लबात ऐकलं. इंग्रजीत ऐकलं, हिंदीत ऐकलं.

गोव्यात पहिला पगारी क्लब. तिथं मला कुणी जातीनं ओळखत नव्हतं. घाटी म्हणायचे, ते मी गिळलं. पण खेळलो. असा खेळलो की दोन वर्षं माझ्या बाजूनं येणारा बॅक रात्री झोपत नसेल. एका पेपरवाल्यानं मुलाखत घेतली. मी त्याला तासभर कंबरेचं सांगितलं, भाराचं सांगितलं, खेळाडूच्या पायाची कागदावर चित्रं काढून दाखवली. छापून आलं, "मेंढरांमागं धावून कमावलेला वेग." मी फोन केला. म्हटलं, मी मेंढरं राखली नाहीत, तुम्हाला सांगितलं होतं. तो म्हणाला, "स्टोरी छान झालीय, तुमचाच फायदा आहे."

मग कोलकाता. तिथं मांडीमागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, पहिल्यांदा ताणला गेला. मोठी मॅच होती. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. दुखणं गेलं, म्हणून पळालो. इंजेक्शननं दुखणं जातं, जखम जात नाही. उत्तरार्धात मागून कुणी काठी मारल्यासारखं झालं. वळून बघितलं तर मागं कुणी नव्हतं. तो सगळा हंगाम मी कुबड्यांवर काढला. क्लबनं कुबड्यांवर असतानाच मोकळं केलं. निरोप द्यायला आलेला पोरगा चांगला होता बिचारा. म्हणाला, "दादा, आप तो दौड़ने के लिए ही थे."

पळण्यासाठीच होतो. पळणं गेलं तर माझ्यात काय उरलं, हे कुणी बघितलंच नाही.

केरळात एक वर्ष बाकावर बसलो. मग घराजवळच क्लब निघाला. मला वाटलं, आपली माणसं आहेत. आबांनी मला कधी मैदानावर खेळताना बघितलं नव्हतं. आता बघतील.

आबांनी आधी फ्लेक्स बघितला.

तळेगाव ढमढेऱ्याला बाजारात भाजी घेऊन गेले होते. चौकात फ्लेक्स. वर भैय्यासाहेब हात जोडून. खाली मी, घोंगडं, काठी, मेंढ्या. आबा घरी आले, पाय धुतले, ओसरीवर बसले. मी समोरच होतो.  मग म्हणाले,

"फोटू बघितला."

मी म्हटलं, "जाहिरात हाय आबा. तसं करावं लागतं."

"घोंगड्याचं मला काय न्हाई. तुज्या आज्यानं जलमभर पांघारलं. कुनी सांगितलं म्हनून न्हाई, थंडी वाजायची म्हनून. तुला कुनी घाल म्हनलं?"

"भैय्यासाहेबांनी."

"आन् तू घातलंस."

एवढंच. उठून गोठ्यात गेले. मी तिथंच बसलो. शरम फेट्याची नव्हती, काठीची नव्हती. सांगितलं आणि मी केलं, ह्याची होती. पुण्याच्या त्या कोचनं पळ म्हटलं, मी पळालो. कोलकात्यात सुई टोचून घे म्हटलं, मी मांडी पुढं केली. इतकी वर्षं मी ह्याला शिस्त म्हणत होतो.

हंगाम सुरू झाला. तिसऱ्या की चौथ्या मॅचला मांडी परत बोलायला लागली. क्लबचा फिजिओ केरळचा, जोसेफ. त्यानं बोटानं दाबून बघितलं, सोनोग्राफी करून आणली. कोचसमोर बोलला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाई, थोड़ा फटा है. अभी आराम किया तो बचेगा. खेला तो खतम." मी कोचना सांगितलं. इथले कोचही पुण्याचेच, अकादमीतले नव्हेत, नेहमी इंग्रजीत बोलणारे. म्हणाले, बघू.

पुढची मॅच घरच्या मैदानावर. कारखान्याची सगळी संचालक मंडळी येणार होती, मुंबईचे कुणी पाहुणे येणार होते. ड्रेसिंग रूममध्ये गेलो तर माझी जर्सी खुंटीला लावलेली. बाकावर एक डॉक्टर. डॉक्टरच्या हातात भरलेली सिरिंज.

मी म्हटलं, "मी खेळणार नाही. सर, तुम्हाला सांगितलंय."

कोच बाहेर गेले आणि भैय्यासाहेबांना घेऊन आले. पांढरे कपडे, अत्तर. सगळी टीम उभी राहिली. मी बसून होतो, पाय लांब करून.

"काय रे, काय झालं?"

"हॅमस्ट्रिंग फाटलंय भैय्यासाहेब. इंजेक्शन घेऊन खेळलो तर पाय जाईल."

ते हसले. सगळ्यांकडं बघून हसले. "अरे, तुम्ही धनगराची माणसं. ऊन म्हणत नाही, पाऊस म्हणत नाही, डोंगर तुडवता. तुम्हाला कसलं आलंय हॅमस्ट्रिंग?"

टीम हसली. कोच हसले. जोसेफ भिंतीकडं बघत होता.

मला त्या वेळी राग आला नाही. खरं सांगतो. डोकं एकदम थंड झालं. मी विचारलं, "भैय्यासाहेब, तुमच्या बैलाचा पाय असा झाला असता, तर शर्यतीच्या घाटात पळवला असता का?"

ते थांबले. त्यांना हा प्रश्न उलट उत्तर वाटलाच नाही. बैलाचं नाव निघालं की ते मनापासून बोलायचे. त्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले,

"बैलाची गोष्ट वेगळी."

खोलीत कुणी हसलं नाही. ते काय बोलले हे त्यांना सोडून सगळ्यांना कळलं होतं.

मी उठलो. डॉक्टर सुई घेऊन एक पाऊल पुढं आला. मी म्हटलं, "हात लावू नका." त्याला कुणीतरी असं म्हणावं ह्याचीच तो वाट बघत होता असं वाटलं. लगेच मागं सरला. मी बूट काढले, चप्पल घातली.

भैय्यासाहेब म्हणाले, "इथनं गेलास तर परत यायचं नाही."

"व्हय," मी म्हटलं.

लंगडत बाहेर आलो. घरी जाणार होतो. पण गेटपर्यंत जायची वाट लोकांच्या गॅलरीखालून होती. वरून पोरं ओरडली, "ओ, आज का न्हाई खेळत?" तिथं मी थांबलो. नेहमीसारखं हात हलवून पुढं गेलो असतो तर विषय तिथंच मिटला असता. मी जिन्यानं वर गेलो, त्यांच्यात बसलो आणि मोठ्यानं सांगितलं. पाय फाटलाय. सुई टोचून खेळवत होते. मी नाही म्हटलं. आणि बैलाचंही सांगितलं, जसंच्या तसं. चार-पाच मोबाईल वर आले होते. येऊ दिले. संपूर्ण मॅच तिथंच बसून बघितली. आम्ही हरलो. उजव्या बाजूला जागा मोकळी पडत होती आणि तिथं बॉल द्यायचं कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळीकडं. दुसऱ्या दिवशी क्लबनं मला बेशिस्तीसाठी काढलं. माझ्यामागून जोसेफलाही काढलं, त्यानं तोंडही उघडलं नसताना. ते मला लागलं.

मग घरी एक पुढारी आले. राहूचेच, आमच्या भावकीत उठबस असलेले.  चहा घेतला आणि आबांना म्हणाले,

"आबा, पोराला समजवा. भैय्यासाहेब मोठ्या मनाचे हायती. बंगल्यावर या, पायावर डोकं ठिवू द्या त्याला, विषय संपला. तुमच्या उसाला तोड बी मिळंल."

ऊस उभा होता. शेजारच्या रानात कारखान्याची ऊसतोड टोळी येऊन गेली होती, आमच्या बांधापाशी थांबून परत गेली होती. का, ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

आबांनी कप खाली ठेवला. "ऊस माजा हाय. डोस्कं त्याचं हाय. ठिवायचं का न्हाई, त्यालाच इचारा."

पुढाऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "न्हाई ठेवणार."

ऊस गुऱ्हाळाला गेला. वाळला होता, वजन भरलं नाही. आबांनी मिळेल तो भाव घेतला. आई बोलली, खूप बोलली. तिचं खोटं नव्हतं.

पाय आता बरा आहे. पळता येतं. पहिल्यासारखं नाही, पण मला कधीच नुसतं पळायचं नव्हतं. कुठल्या क्लबचा फोन येत नाही. तुझा स्वभाव अवघड आहे असं सगळीकडं पोचलंय. मागच्या महिन्यात एकाचा आला. गोव्यातले जुने मॅनेजर. माणूस वाईट नाही. म्हणाले, "एक माफीचा व्हिडिओ टाक. गैरसमज झाला होता म्हण. मी वर बोलतो, तुला घेतो. अजून दोन वर्षं खेळशील."

दोन वर्षं. मी रेल्वेच्या ग्राऊंडवर उभा होतो. दौंडला पोरांना शिकवायला जातो आता. खोटं कशाला बोलू. खेळायचं आहे मला. मॅचच्या आधी गवतावर पाणी मारल्याचा वास येतो ना, त्यासाठी जीव तुटतो.

मी विचारलं, "गैरसमज कुणाचा झाला होता म्हणू?"

ते म्हणाले, "तुझा."

मी म्हटलं, "सर, माझा गैरसमज आधी होता. इतकी वर्षं होता. आता नाही."

फोन ठेवला. त्यांचा परत आला नाही, येणारही नाही.

माझ्याकडं शिकणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी मी बॉल देत नाही. एकेकाला समोर उभं करतो आणि म्हणायला लावतो, "नाही." लाजतात. खाली बघतात. मोठ्यानं येईपर्यंत सोडत नाही. पालक तक्रार करतात, की सर उर्मटपणा शिकवतात. करू देत. ह्यातल्या कुणाच्या मांडीत त्याच्या मर्जीविरुद्ध सुई गेली, कुणाला कुणी तू फक्त पळ म्हटलं, तर मी त्या क्लबच्या दारात जाऊन उभा राहणार आहे. नाव घेऊन बोलणार आहे. आणि हाकलून दिलं तर दुसऱ्या दिवशी परत जाणार आहे.