ओढ्यापलीकडची घरं

लातूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आफ्रिकी आणि आफ्रिकी-अमेरिकी लोकांचे अनुभव हा मायनर विषय मी घेतला, तो काही आवडीनं नाही. संगणकाच्या जागा भरल्या होत्या आणि मानसशास्त्राचा तास माझ्या मुख्य विषयाच्या तासावर येत होता. पप्पांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "आफ्रिकेचं शिकून करणार काय तू?"

पण विषयानं मला धरलं. आमच्या मॅडम नांदेडच्या. आवाज अजिबात न चढवता शिकवायच्या. जहाजाच्या तळाशी साखळदंडात कोंबून नेलेली माणसं, बसमधल्या मागच्या सीटा, पाणी प्यायचे वेगळे नळ. मी रूमवर येऊन वाचायचे आणि रडायचे. दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर करून बोलायचे. "मॅडम, माणसं इतकी निर्दयी कशी असू शकतात?" असं एकदा मी सगळ्यांसमोर विचारलं होतं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि नुसतं "हं" म्हणाल्या. मला ते कौतुक वाटलं.

मग अमेरिकेतल्या शहरांचा धडा आला. काळ्या लोकांना ठरावीक वस्त्यांत घर विकतच घेऊ द्यायचे नाहीत, रुळांच्या अलीकडं कोण आणि पलीकडं कोण हे ठरलेलं असायचं, असं सगळं. तो संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता आपापल्या गावाचा नाहीतर गल्लीचा नकाशा काढा. आठवणीतून. कोण कुठं राहतं तेही लिहा."

मला आनंदच झाला. आमचं गाव किल्लारीच्या अलीकडं. जुनं गाव भूकंपात गेलं, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. आताचं गाव सगळं नव्यानं बांधलेलं. सरळ रस्ते, एका रांगेत घरं. काढायला सोपं. मी पंचायत काढली, शाळा, मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी, आमचं घर. ओढ्यापर्यंत आले आणि पलीकडं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'शेती'.

नकाशे भिंतीवर लावले. मॅडम एकेक बघत गेल्या आणि दोन नकाशांपाशी थांबल्या. "ही दोन गावं शेजारी-शेजारी आहेत का? टाकी सारखीच दिसते."

खिडकीपाशी बसणारी एक मुलगी म्हणाली, "एकच गाव हाय, मॅडम."

मी उठून बघितलं. तिच्या नकाशात ओढ्याच्या पलीकडं घरंच घरं होती. बौद्धांची, मातंगांची. विहार, समाजमंदिर, एक हातपंप, चिंचेचं झाड. आणि ओढ्याच्या अलीकडं आमची गल्लीही होती. आमचं घर होतं, ट्रॅक्टरचं शेडसुद्धा. तिनं माझं घर काढलं होतं आणि ती माझ्या गावची आहे हे मला त्या दिवशी कळलं. चौथीपर्यंत आम्ही एकाच शाळेत होतो, हेही तिनंच सांगितलं.

"मला वाटलं ते गावाच्या बाहेर आहे," मी म्हणाले.

ती अजिबात चिडली नाही. म्हणाली, "बाहेरच हाय. तसंच बांधलंय."

मॅडमनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवारी गावी गेले. पप्पा जेवत होते. मी विचारलं, "नवं गाव बांधताना ती घरं ओढ्यापलीकडं कशी गेली?"

"त्याचं काय आता?"

"सांगा की."

पप्पांनी घास खाली ठेवला. "मी तवा कॉलेजला होतो. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमंदी सगळी एकाच रांगेत राहिलो. एका टँकरचं पाणी पिलो. मग घरं द्यायची वेळ आली. पुनर्वसनाच्या सायबानं इचारलं, सगळ्यांची मिसळून काढू का? गावानं न्हाई म्हणलं."

"गावानं म्हणजे कुणी?"

पप्पांनी ताट बाजूला सारलं. "आपणच की. तुझा आज्जाच उठला बोलायला."

आज्जा मला खांद्यावर बसवून शाळेत सोडायचा. त्याच्यावर मी शाळेत निबंध लिहिला होता आणि तो पहिला आला होता. मी पप्पांचं ताट उचलून आत नेलं.

रविवारी ओढ्यावरचा फरशीचा पूल ओलांडून मी वर्गातल्या त्या मुलीच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदा. तिच्या आईनं मला लगेच ओळखलं. खुर्ची पुसून पुढं ठेवली. "बसा, ताई." ती माझ्या आईच्या वयाची. मी म्हणाले, "मावशी, मला अगं-तुगं करा." ती हसून "बरं" म्हणाली आणि पुन्हा "चहा घेता न्हवं?" असंच विचारलं. मला खाली बघायची सोय नव्हती. पायाखालची फरशीसुद्धा तिनं मला बघून घाईघाईनं पुसून घेतली होती.

मुलगी दारात उभी होती. "कशाला आलीस?"

माफी मागायची म्हणून वाटेत वाक्यं जुळवली होती. त्यातलं एक आठवेना. तोंडातून भलतंच निघालं. "नकाशा पुरा करायचाय."

"म्हंजे तुझा नकाशा पुरा करायला मी घरं दाखवत फिरू?"

मी जायला उठले. तिला माझी दया आली असावी. म्हणाली, "बस. चहा पी. नकाशाचं ऱ्हाऊ दे." मग आम्ही परीक्षेचं बोललो. जमलं तेवढं.

घरी आले तर आई अंगणात तूर निवडत होती. कुठं गेले होते ते मी सांगितलं.

"काही खाल्लंस का तिथं?"

"चहा पिले."

आईचे हात थांबले. "बरं. आज्जीला नको सांगू."

आज्जी आतच होती. मला जवळ बसवून केसांवरून हात फिरवत म्हणाली, "कुठं हुतीस गं?"

"मैत्रिणीकडं."

"कुणाची पोरगी?"

"लातूरची हाय," मी म्हणाले. "तू न्हाई ओळखत."

मायनरला मला चांगले गुण पडले. तोंडी परीक्षेत मी वस्त्यांच्या विभागणीवर बोलले, अडखळले नाही. आता वर्गात आम्ही दोघी कधीकधी एका बाकावर बसतो, एकमेकींच्या नोट्स घेतो, सुटीत एकाच बसनं गावी येतो. स्टँडवर उतरलो की ती पुलाकडं वळते आणि मी गल्लीकडं. "चल आमच्या घरी," एवढं मला अजून एकदाही म्हणता आलेलं नाही. तीही कधी थांबत नाही.