वहिनीचे हरभरे

माझी वहिनी गेली एकोणीस वर्षं आमच्या शाळेत दोनशे चाळीस मुलांचं जेवण रांधते. मी त्याच शाळेत चौथीला शिकवते, त्यामुळे हे माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे, ऐकीव नाही.

स्वयंपाकघर म्हणजे मागची पत्र्याची खोली. दोन मोठ्या शेगड्या, ओटा, भिंतीवर घड्याळ आणि कोपऱ्यात वहिनीचं भलंमोठं पातेलं. मुलं घरी गेली की उद्याचे हरभरे निवडायचे, धुवायचे, भिजत घालायचे. वर ताट, ताटावर दगड. मग ओटा पुसून, शेगडीला हात जोडून ती घरी निघे. ही रीत तिने एक दिवस मोडली नव्हती.

"हरभरा मानी असतो, वन्सं," ती मला म्हणायची. "आधी पाणी विचारलं की मऊ होतो. नुसती आग लावली तर अडून बसतो."

भिजलेला हरभरा पाऊण तासात शिजे. महिन्याला सहा सिलिंडर मिळत, आणि सहाव्याची ज्योत बारीक होईपर्यंत महिना संपलेला असे.

मागच्या वर्षी पाण्याची वेळ बदलली. आधी दुपारी तीनला पाणी यायचं. मग वरच्या रस्त्याला बाटलीबंद पाण्याचा कारखाना निघाला. पंपाची दुपारची वीज तिकडे गेली आणि आमचा पंप सकाळी नऊला जेमतेम अर्धा तास चालू लागला. तेवढ्यात शाळेची टाकी निम्मीही भरत नाही. त्यातच स्वयंपाक, पिणं, भांडी, संडास. दोन वाजता टाकीचा तळ दिसतो. वहिनीने एक पिंप बाजूला भरून ठेवून पाहिलं, तर मुलांना जेवल्यावर हात धुवायला पाणी उरेना.

हरभरे कोरडेच शेगडीवर चढू लागले. दोन दोन तास रटरटायचे आणि तरी दाताखाली कचकचायचे. एकवीस तारखेला सहावा सिलिंडर संपला. उरलेले दिवस मुलांच्या हातात बिस्किटाचे पुडे. माझ्या वर्गातली एक चिमुरडी निम्मा पुडा दप्तरात ठेवायची. विचारलं तर म्हणाली, "भूक नाही, बाई." घरी धाकटा भाऊ होता, आणि त्या घरात दुपारी चूल पेटत नव्हती. आमच्याकडच्या कितीतरी मुलांचं दिवसातलं गरम जेवण हेच, वहिनीच्या हातचं.

वर कचेरीतून पत्र आलं ते वहिनीलाच. 'इंधनाची उधळपट्टी. पुन्हा घडल्यास कामावरून कमी करण्यात येईल.'

"उधळपट्टी?" वहिनी कडाडली. "मी काय शाळेच्या गॅसवर आंघोळीचं पाणी तापवते?"

आम्ही दोघी कचेऱ्या फिरलो. पाणीवाला म्हणाला, "पंप विजेवर चालतो, बाई." वीजवाला म्हणाला, "जेवणाचं आमच्याकडे येत नाही." जेवणाचे साहेब म्हणाले, "पाण्याचं मला काय सांगता? गॅस जपून वापरा." जखम मांडीला आणि मलम शेंडीला! देवाने अन्न, पाणी आणि अग्नी एकाच पातेल्याशी आणून ठेवले. त्यांची तीन खाती पाडून प्रत्येकाच्या दाराला वेगळं कुलूप घालायची अक्कल माणसाची.

मग एके दिवशी ती चिमुरडी घरून झाकणाचा पेला भरून पाणी घेऊन आली. "काकू, हरभऱ्यांना."

दुसऱ्या दिवशी वर्गातले सगळे आले, आठवड्यात सगळी शाळा. कोणी पेला, कोणी गडू. सकाळी रांगेने पिंपात ओतायचे. वहिनी तोंड फिरवून उभी राही.

"लेकरांनी पाणी वाहायचं आणि मी जेवू घालते म्हणून मिरवायचं? मेल्याहून मेल्यासारखं होतं, वन्सं."

पण हरभरे टपोरे फुगू लागले. त्या महिन्यात शेवटच्या दिवशीही ताटात गरम जेवण पडलं.

पुढच्या महिन्यात जेवणाचे साहेब तपासणीला आले. हातातली पाण्याची बाटली त्यांनी ओट्यावर ठेवली, त्याच कारखान्याची. रांग बघून त्यांचा चेहरा उजळला.

"वा! याला म्हणतात लोकसहभाग! बाई, पिंपाजवळ उभ्या राहा, फोटो काढतो."

"फोटो नळाचा काढा, साहेब," वहिनी म्हणाली. "तो बघा, कसा शांत उभा आहे. हलणार नाही."

मुलं खिदळली. साहेबांनी फोटो मुलांचाच काढला.

पंधरा दिवसांनी ते आदेश घेऊन आले. सगळ्या शाळांतल्या मुलांनी रोज घरून एक पेला पाणी आणावं. खाली स्वयंपाकीण आणि वर्गशिक्षक यांच्या सह्यांसाठी जागा. दुपारच्या पाण्याबद्दल चकार शब्द नाही.

"करा सही. तुमचंच तर कौतुक आहे," साहेब म्हणाले.

वहिनीने पदराला हात पुसले, पण पेन घेतलं नाही. "अडल्या वेळी लेकरांनी मला हात दिला. त्याचा तुम्ही नियम केलात. आज सही केली, तर उद्या दुपारचं पाणी मागायला मला तोंड राहणार नाही."

"काम जाईल, बाई."

"जाऊ दे. पण आजची पंगत उठल्यावर. हरभरे शिजत आलेत." आणि तिने झाकण उचलून डाव घातला.

कागद माझ्याकडे सरकला. माझी निवृत्ती दोन वर्षांवर आहे. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. मनात देवाचं नाव घेतलं, पेनाला टोपण लावलं आणि ताटं वाढायला वहिनीच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

वहिनीचं काम अजून गेलेलं नाही. इतक्या कमी पगारात दुसरी कोणी यायला तयार नाही म्हणून. दुपारचं पाणीही आलेलं नाही. दर महिन्याला तो कागद येतो आणि आम्हा दोघींच्या सहीविना परत जातो. मुलांचे पेले मात्र आम्ही थांबवू शकलो नाही. आणि त्या कागदावर सही न करणाऱ्या आम्ही अडेलतट्टू ठरलो आहोत.