दंडाचं माप

मी तिसऱ्या गोळीचं नाव लिहीत होतो, तेवढ्यात सुमनबाईंनी माझा हात अडवला.

"डॉक्टरसाहेब, गोळ्या वाढून राह्यल्या अन् चक्करबी वाढून राह्यली. असं काऊन?"

सुमनबाई आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याजवळच्या गावात मराठी शाळेत पहिलीचा वर्ग शिकवतात. त्याच आठवड्यात त्या फळ्यासमोर कोसळल्या होत्या. पोरं रडायला लागली. घरचे म्हणत होते, आता नोकरी सोड. बाईंची आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. घरातली पहिली नोकरी यांची. ती सोडायचा विषय निघाला, की बाईंचे डोळे भरून यायचे.

माझ्या मशीनवर त्यांचं बीपी एकशे साठच्या वर होतं. दोन गोळ्या चालू असताना. मग तिसरी द्यायची, इतकाच माझा हिशोब.

"बीपी वाढलंय, म्हणून चक्कर येते," मी म्हणालो. विचार न करताच म्हणालो. नुसतं बीपी वाढल्यानं सहसा चक्कर येत नाही, हे मला माहीत होतं.

माझ्याकडच्या जुन्या नर्स, लक्ष्मी सिस्टर, शेजारीच उभ्या होत्या. "सार, बाईंच्या दंडावर पट्टा टिकतच नाही. मी दर वेळी हातानं दाबून धरते."

या पट्ट्याला आम्ही कफ म्हणतो. दंड जाड आणि कफ लहान असला, तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. कॉलेजात शिकलो होतो. तरी माझ्या दवाखान्यात इतकी वर्षं सगळ्यांना एकच कफ.

तिसरी गोळी खोडली. बाईंना दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि आदिलाबादहून मोठा कफ मागवला. दुपारी बीपीची गाईडलाईन उघडली. म्हणजे खूप अभ्यास तपासून तज्ज्ञांनी लिहिलेल्या सूचना. दंड मोजा. पेशंटला पाच मिनिटं शांत बसवा. पुन्हा मोजा. चक्कर येत असेल तर उभं करून मोजा. गर्दीच्या नावाखाली मी यातलं काहीच करत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मोठ्या कफवर आकडा आला एकशे अठरा. उभं केल्यावर शंभरच्याही खाली. बीपी माझ्याच गोळ्यांनी पाडलं होतं.

"बाई, चूक माझी आहे," मी म्हणालो. "पट्टा लहान होता."

त्यांनी दंडावरचा पट्टा स्वतःच सोडला. मग म्हणाल्या, "ब्लाऊज शिवणारीबी पयले माप घेते, डॉक्टरसाहेब."

सिस्टर तोंड फिरवून हसत होत्या.

एक गोळी बंद केली, दुसरी अर्ध्यावर आणली. सिस्टर दर दोन दिवसांनी बीपी मोजायच्या. तिसऱ्या आठवड्यात चक्कर थांबली आणि बाई वर्गावर गेल्या. राजीनाम्याचं घरात पुन्हा कोणी बोललं नाही.

मग सिस्टरांनी जाड दंडाच्या सगळ्या पेशंटची कार्डं काढली. एकेकाला बोलावून नीट मोजलं. काहींच्या गोळ्या कमी झाल्या. काहींचं बीपी खरंच जास्त होतं. त्यांच्या तशाच ठेवल्या. तपासायला आता वेळ जास्त लागतो. बाहेर बाकावर लोक कुरकुरतात.

पुरावा म्हणजे मोठ्या हॉस्पिटलातलं संशोधन, असं मी समजत होतो. पेशंट समोर बसून सांगतो, तोही पुरावाच असतो. त्याचं म्हणणं आणि आपला आकडा जुळत नसेल, तर आधी मशीनवर संशय घ्यावा. मशीनला राग येत नाही.