तेलाने नाही

पत्नी गेल्यापासून कानाच्या दवाखान्यात मी एकटाच जातो. तिथे राजापूरकडची एक बाई नेहमी भेटते. तिच्या मुलीच्या कानात पडद्यामागे जन्मापासून गाठ होती. ऑपरेशन करून काढली, तरी पुन्हा वाढली. आता दुसरं ऑपरेशन आहे.

"डॉक्टर, ह्या तेलान् तर नाय ना झाला?" दर खेपेस ती मोठ्याने विचारते.

"नाही हो, जन्मतःच होती," डॉक्टर कंटाळून सांगतात.

आज तिने नेहमी दारातच थांबणाऱ्या सासूला हाताला धरून आत आणलं. नात तान्ही असताना तिच्या कानात तेल सासूनेच घातलं होतं.

"आयकलास ना, आये? तुझ्या तेलान् नाय झाला. आतातरी दोन घास जेव."

म्हातारी पुटपुटली, "परत एकदा विचार गो."

आणि दमल्या आवाजात सुनेने डॉक्टरांना पुन्हा विचारलं.